पलभाबाईंचा सूर्य

पलभाबाई समोर आलेल्या माणसाच्या चेहऱ्याआधी त्याची सावली बघत. रस्त्यात भेटल्या की त्यांची नजर आधी आपल्या पायाशी जाई, तिथून सावलीच्या टोकापर्यंत सरके आणि मग कुठे वर येऊन त्या म्हणत, "अगं, तू होय." नवख्या माणसाला वाटे, आपली चप्पल तुटली की काय. पहिल्या भेटीत मी गुपचूप माझ्या सलवारीची किनार तपासून घेतली होती.

मी तेव्हा नाशिकच्या एका दैनिकाची रविवार पुरवणी सांभाळत होते आणि बाई नुकत्याच कॉलेजातून गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. पुरवणीसाठी एक लेख घेऊन त्या कचेरीत आल्या. लेखाच्या पहिल्याच ओळीत 'पलभा' हा शब्द होता. मी म्हटलं, "बाई, हा शब्द आमच्या वाचकांना कळणार नाही." त्या म्हणाल्या, "तुला कळला का?" मी नाही म्हणून मान हलवली. "मग चल खाली." भर दुपारी त्यांनी मला पार्किंगमध्ये नेलं, पर्समधून वीतभर लांबीची पितळी काडी काढली आणि फरशीवर उभी धरली. या काडीला जुने लोक शंकू म्हणत. वर्षातून दोनदा दिवस आणि रात्र सारखे होतात. त्या दिवशी ऐन दुपारी या शंकूची जेवढी सावली पडते, ती त्या गावाची पलभा. दक्षिणेकडे जावं तशी ती आखूड होते, उत्तरेकडे जावं तशी लांब. "नकाशे नव्हते तेव्हा गावाचा पत्ता असा सांगत," बाई म्हणाल्या. "पिनकोड समज." माझं गणित दहावीलाच सुटलेलं. पण त्या दिवशी पार्किंगमधल्या स्कूटरच्या रांगेत उभं राहून मला पहिल्यांदा वाटलं, की हा विषय आपल्याला कोणी शिकवलाच नाही. कॉलेजच्या मुलांनी त्यांना पलभाबाई हे नाव केव्हाच ठेवलं होतं आणि बाईंना ते ठाऊक होतं. "नाव ठेवायचंच होतं तर शब्द तरी बरा निवडला पोरांनी," असं त्या म्हणत.

वेळेबाबत त्यांचं वेगळंच राज्य होतं. आपलं घड्याळ ज्या रेषेवर चालतं ती नाशिकच्या बऱ्याच पूर्वेकडून जाते, त्यामुळे नाशिकला सूर्य डोक्यावर येतो तो साडेबाराच्या आसपास. तोवर बाईंच्या लेखी सकाळच असे. "घड्याळ देशाचं, दुपार नाशिकची," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. बाराच्या मुहूर्ताच्या लग्नात अक्षता टाकून लोक पंगतीकडे धावत तेव्हा बाई मांडवाच्या कडेला उन्हात उभ्या असत, खांबाची सावली निरखत. सावली वळली की मगच जेवायला बसत. आणि मग मात्र जिलेबी सोडत नसत.

गंगापूर रोडवरच्या त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर एका कोपऱ्यात ती पितळी काडी रोवलेली असे आणि भोवती खडूची वर्तुळं. उन्हाळ्यात तिथेच सेक्रेटरींच्या सौभाग्यवती कुरडया घालत. एका वर्षी कुरडयांची चादर वर्तुळांवर आली आणि सोसायटीत मोठं प्रकरण झालं. बैठक बोलावली गेली. सगळे तावातावाने बोलून झाल्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, "त्यांना ऊन हवं आहे, मला सावली. भांडण कशाचं आहे?" मग त्यांनी स्वतः कागदावर गच्चीचा आराखडा काढून दिला: कुठल्या महिन्यात कुठल्या कोपऱ्यात किती वेळ ऊन राहील. त्या आराखड्यावर पुढे अख्ख्या इमारतीचे पापड, मिरच्या आणि कुरडया वाळत आल्या. सेक्रेटरींच्या सौभाग्यवती त्यांना पहिली कुरडई तळून आणून देत.

पण बाईंचा खरा जीव होता गणकबुवांत. गणक म्हणजे आकाशाचं गणित करणारा. काही शतकांपूर्वी आपल्याच भागात होऊन गेलेला हा माणूस. त्याने ग्रहणं आणि तिथी काढण्याच्या रीतींचा एक छोटासा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्याच्या मोजक्याच नकला उरल्या आणि विद्वानांनी 'किरकोळ' असा शेरा मारून त्या बाजूला ठेवल्या. बाईंना तो ऐन तिशीत सापडला आणि पुढचं आयुष्य त्यांनी त्या किरकोळ माणसाला देऊन टाकलं. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर सांगत, "घरात एक बुवा आहेत, दुसऱ्याला जागा नाही." बुवांविषयी त्या सासरच्या वडीलधाऱ्या माणसाविषयी बोलावं तशा बोलत. "बुवांना थंडी सोसत नसावी. हिवाळ्यातल्या पहाटेची एकही नोंद नाही त्यांची." कधी कौतुकाने, "भागाकार आला की बुवा किती टाळाटाळ करतात बघ. पण त्या टाळाटाळीतून किती सुंदर रीत काढली आहे." आकाशाचं गणित म्हटल्यावर लोक पत्रिका घेऊन यायचे. बाई त्यांना घोटभर चहा देऊन परत पाठवीत. "तुमच्या मुलीचं लग्न कधी जमेल ते मला काढता येत नाही. जमलं की तारीख सांगा, त्या दिवशी चंद्र कुठे असेल ते सांगते."

एकदा डिसेंबरात सकाळचं सूर्यग्रहण होतं. बाईंनी ते बुवांच्या रीतीने काढायचं ठरवलं. कॅल्क्युलेटर नाही, मोबाइल नाही, फक्त बुवांचे श्लोक, पेन्सिल आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी. आठवडाभर त्या बेरजा आणि गुणाकार करत बसल्या. शेवटी निघालेली वेळ त्यांनी पत्रिकेच्या कोपऱ्यात लिहिली आणि मला बोलावलं. सोमेश्वरच्या रस्त्याला एका कडुनिंबाखाली आम्ही उभ्या राहिलो. ग्रहण म्हणून रस्ता ओस होता, घराघरांची दारं लावलेली. बाईंच्या वेळेला काहीच झालं नाही. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. कपभर चहा पिऊन होईल एवढा वेळ गेला असेल आणि बाई म्हणाल्या, "वर नको बघू. खाली बघ." पानांमधून झिरपणारे उन्हाचे गोल कवडसे रस्त्यावर पडले होते आणि त्या प्रत्येक कवडशाचा लचका तोडल्यासारखा झाला होता. बघता बघता सगळा रस्ता चंद्रकोरींनी भरून गेला. माझ्या हातावर, बाईंच्या पांढऱ्या केसांवर, साडीवर, सगळीकडे सूर्याच्या कोरी. कधी काळी कुठल्याशा खेड्यात बसून एका माणसाने लिहून ठेवलेल्या बेरजा, आणि त्या बेरजांनी आम्हाला आजच्या या सकाळपर्यंत आणून सोडलं होतं, एका चहाच्या अंतरावर. मी बाईंना काहीतरी बोलायला गेले तर त्या हळूच म्हणाल्या, "थोडा वेळ गप्प राहू या. बुवा बघताहेत." हे त्या गमतीने म्हणाल्या नव्हत्या.

बुवांनी स्वतःविषयी फार थोडं लिहिलं होतं. वडिलांचं नाव, गावाजवळून नदी वाहते, पाठीशी डोंगर आहे, आणि गावाची पलभा अमुक. गावाचं नाव मात्र नाही. आता नदी आणि डोंगर नाही असं गाव आपल्याकडे शोधायला जावं लागेल. तेव्हा खरा पत्ता होता तो पलभेचा. बाईंनी तिच्यावरून गणित मांडलं, नकाशावर आडवी रेघ ओढली आणि त्या रेघेवरची नदीकाठची गावं एसटीने पालथी घातली. शेवटी नांदगाव तालुक्यातल्या जळकुंडे या गावात त्यांना सगळं जुळलेलं दिसलं. त्यांनी तसा लेख लिहिला, मी तो छापला आणि जळकुंड्याचं नशीब फिरलं.

गावचे माजी सरपंच तात्या. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, खिशाला दोन पेनं, आणि हार कोणालाही घालायचा असो, फोटोत मधोमध तेच. लेखाचं कात्रण त्यांनी लॅमिनेट करून ग्रामपंचायतीत लावलं. वेशीवर 'गणकबुवांची जन्मभूमी' अशी कमान उभी राहिली. बाईंनी सुचवलं आणि गावाने शाळेच्या पटांगणात माणसाच्या उंचीहून थोडा अधिक असा एक खांब बांधला, मोठा शंकू म्हणून. दरवर्षी मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे झाले की तिथे सावलीचा सण भरू लागला. बाया खांबाभोवती रांगोळ्या काढत, पेढे वाटले जात. बाई आदल्या दिवशी आकडेमोड करून खडूची खूण कुठे करायची ते कळवत. ऐन दुपारी सावली बरोब्बर त्या खुणेला टेकली की ताशा वाजे. गुडघ्यांमुळे बाईंना खाली वाकता येत नसे. त्या मांडवात खुर्चीवर बसून बघत. तात्या खुणेपाशी बसत आणि हात वर करून ओरडत, "टेकली." ताशाच्या आवाजात बाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते मी दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. बाईंचं बुवांवरचं पुस्तक लिहून होत आलं होतं. बुवांना घर मिळालं होतं.

मग बाईंच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली, मोतीबिंदूही काढला आणि त्या वर्षी सणाच्या सकाळी त्या जळकुंड्याला पोचल्या त्या एखाद्या कॉलेजकन्येच्या उत्साहाने. पुस्तकात खांबाचं चित्र द्यायचं होतं. त्यांनी मला टेप दिली आणि स्टूल आणवलं. मी स्टुलावर चढून खांब मोजला. आकडा सांगितला. बाई म्हणाल्या, "पुन्हा मोज." मी पुन्हा मोजला. खांब ठरल्यापेक्षा इंचभर जास्त होता. माथ्यावर सिमेंटची एक गोल टोपी बसवलेली होती आणि तिचा रंग बाकीच्या खांबाहून ताजा होता.

बाईंनी तात्यांकडे पाहिलं. तात्या रुमालाने मान पुसायला लागले.

"बाई, रागावू नका," ते म्हणाले. "पयल्या साली सावली बोटभर कमी पडली. तुम्ही खुर्चीत बसल्या होत्या, पाव्हणे आलेले, पेपरवाले आलेले. म्या पायानं खडू पुसला आन् अलीकडं रेघ मारली. दुसऱ्या साली पुन्ना तेच. दरसाल पाय तरी किती घालायचा? मंग गवंड्याला सांगितलं, बाबा, डोकं वाढव त्याचं. तुमचा शबुद खाली पडाया नको."

मला हसू आलं होतं. बाई मात्र हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्या अगदी हळू आवाजात विचारत होत्या, "दरवर्षी कमीच पडायची, तात्या? कधी एखाद्या वर्षी जास्त?"

"नाय. कमीच. दरसाल कमीच."

बाईंनी गवंड्याला बोलावलं आणि ती टोपी उडवून टाकायला सांगितली. छिन्नी चालली तेव्हा रांगोळी काढणाऱ्या बाया हात थांबवून बघत राहिल्या. दुपारी सावली खुणेच्या अलीकडे थांबली. कोणी ताशा वाजवला नाही. बाई नव्या गुडघ्यांवर खाली बसल्या, दोन्ही हात जमिनीला टेकवले आणि सावलीच्या टोकाशी डोळे नेले. मग मला खुणेने जवळ बोलावलं. "ही कड बघ," त्या म्हणाल्या. "कोयत्याने कापल्यासारखी नाही. आधी काळी, मग करडी, मग ऊन." मला दिसत होतं, पण त्यात पाहण्यासारखं काय आहे ते कळत नव्हतं. त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "त्या दिवशी कडुनिंबाखाली सगळ्या रस्त्यावर सूर्याची शकलं पडली होती. आणि मी जन्मभर त्याला टिंब धरून बसले."

गाडीत बसल्यावर त्यांनी मला समजावून सांगितलं. कागदावरच्या गणितात सूर्य म्हणजे एक टिंब. खरा सूर्य ताटलीसारखा रुंद आहे. त्याची वरची कड खांबाच्या डोक्यावरून डोकावते आणि सावलीचं टोक थोडं खाऊन टाकते. म्हणून सावली गणितापेक्षा नेहमी आखूड दिसते. गच्चीवरच्या वीतभर काडीला तो फरक केसाएवढा, कोणाच्या नजरेला येणार? मोठ्या खांबाला तो बोटभर झाला होता, पण तो तात्यांच्या पायाखाली आणि मग सिमेंटच्या टोपीखाली गेला. "आणि बुवांनी तर काडीची सावली डोळ्याने बघून लिहिली," बाई म्हणाल्या. "म्हणजे त्यांचा आकडा मुळातच आखूड होता. मी तो तसाच गणितात घातला आणि त्यांना दक्षिणेला आणून बसवलं. बुवा आणखी उत्तरेचे आहेत."

आम्ही नाशिकला परतलोच नाही. चांदवडला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी नव्या हिशेबाच्या रेघेवरच्या, आणखी उत्तरेला देवळ्याच्या बाजूच्या एका नदीकाठच्या गावात, कांदा साठवायच्या चाळीशेजारी, खांबाएवढा एक सरळ लोखंडी पाइप ओळंबा धरून उभा केला. एका दिवसाने सूर्य किती सरकला ते बाईंनी हिशेबात धरलं होतं. चाळीतला शेतकरी जवळ येऊन अहिराणीत म्हणाला, "हाई काय शे?" बाई म्हणाल्या, "एका माणसाचं घर शोधतोय." दुपार झाली. मी टेप धरली. बाईंनी बुवांच्या आकड्याशी ताडून पाहिलं. ते जुळलं, आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला. समोर नदी होती, पाठीशी डोंगर होता. मी आयुष्यात पुष्कळ मोठी माणसं जवळून पाहिली आहेत, मुलाखती घेतल्या आहेत. त्या उन्हात, कांद्याच्या उग्र वासात, आपलं सगळं आयुष्य चुकीच्या गावात गेलं हे कळल्यावर एवढी आनंदी झालेली बाई मला दुसरी भेटली नाही. त्या क्षणी मला त्यांची भीतीच वाटली.

आनंद ओसरला तो घरी आल्यावर. कारण जळकुंड्यात पुढच्या सणाला गणकबुवांच्या स्मारकाचं भूमिपूजन ठरलं होतं. तालुक्याचे पुढारी येणार होते, मंजुरी निघाली होती. बाईंनी तात्यांना फोन करून सगळं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तात्या बाजरीच्या पिठाची पिशवी घेऊन गंगापूर रोडला हजर. मीही तिथेच होते.

"बाई, बोटभर तर हाय," तात्या म्हणाले. "एवढं सोडा की. कुनाला कळतंय?"

"बोटभर जळकुंड्यात आहे, तात्या. जमिनीवर ते देवळ्यापर्यंत जातं."

तात्या बराच वेळ पिशवीचा बंद सोडत-बांधत राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडं काय हाय, बाई? धरण नाय, कारखाना नाय. सोयरीक जुळवाया गेलं तर गावाचं नाव कुनाला ठावं नाय. आता कुटं ह्यो एक बुवा हाय. त्योबी नेता?"

बाईंनी तात्यांना एक गोष्ट सांगितली, जी मीही आधी ऐकलेली नव्हती. बुवांच्या ग्रंथाच्या शेवटी त्यांनी सांगितलेलं एक ग्रहण आहे, जे सांगितल्या वेळेला लागलंच नाही, उशिरा लागलं. गाव हसलं असेल. दुसरा कोणी असता तर ते उदाहरण गाळून टाकलं असतं. बुवांनी ते ग्रंथात ठेवलं, आपली चूक कुठे झाली तेही लिहिलं. "त्या एका उदाहरणासाठी मी बुवांच्या मागे लागले, तात्या," बाई म्हणाल्या. "आता माझी चूक मी झाकली तर मला त्यांचं नाव घ्यायला तोंड राहणार नाही. मी सांगितलं ते तुमच्या गावात उभं राहून सांगितलं. खोडायचं तेही तिथेच."

तात्या उठले. चहा तसाच राहिला. पिठाची पिशवी मात्र त्यांनी नेली नाही.

भूमिपूजनाच्या दिवशी मांडव गच्च भरला होता. नारळ, कुदळ, फेटे, सगळं मांडून ठेवलेलं. मला वाटलं, तात्या बाईंना बोलायला देणार नाहीत. पण माइक त्यांनीच आणून दिला. अजूनही त्यांना आशा असावी. बाईंनी फार वेळ घेतला नाही. "माझी चूक झाली. गणकबुवा तुमच्या गावचे नाहीत," हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. मांडवात गलका झाला. मग त्यांनी भाकरीचं उदाहरण देऊन सूर्याची रुंदी समजावली. भाकरीची वरची कड खांबावरून डोकावते आणि सावलीचं टोक कुरतडते. "हे मला गच्चीवर दिसलं नाही. पुस्तकात दिसलं नाही. तुमच्या खांबाने दाखवलं. दरवर्षी कमी पडणारी ती बोटभर सावली म्हणजे अर्ध्या सूर्याची रुंदी आहे. ती तुमच्या अंगणात मोजली गेली आहे." पुढाऱ्यांनी तात्यांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि ते गाडीत बसून निघून गेले. नारळ फुटला नाही. माणसं पांगली. एक म्हातारी जाता जाता बाईंच्या समोर थांबली आणि "चांगलं घर बुडवलंस, माय," असं म्हणून पुढे गेली. तात्या आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आले नाहीत.

मनमाड येईपर्यंत बाई गाडीतून मागे वळून बघत होत्या. मग म्हणाल्या, "तात्यांचा चेहरा पाहिलास?" आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांनी ते पुसलंही नाही. मी त्यांना आधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. सत्य सांगितलं की मन हलकं होतं असं आपण म्हणतो. बाईंचं झालं नाही. त्यांनी पुस्तकातलं जन्मस्थानाचं प्रकरण काढलं, नवं लिहिलं, आणि त्यात आपली चूक कशी झाली ते तपशिलात मांडलं. देवळ्याकडच्या गावाचे लोक कमान बांधायचं म्हणून आले तर त्यांना सांगितलं, "आधी दहा वर्षं मोजा. माझं ऐकून काही बांधू नका." जळकुंड्याहून मात्र पुन्हा फोन आला नाही. मार्च आला की बाई दिवसभर फोन जवळ घेऊन बसत. मी विचारलं तर म्हणत, "सहज."

एका श्रावणात, आभाळ भरलेलं असताना, दुपारी जेवून त्या जरा आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. पुस्तक जेमतेम बाहेर आलं होतं. ते फारसं कोणी वाचलं नव्हतं, हे शोकसभेत कळलं.

सभा गंगापूर रोडवरच्या एका छोट्या सभागृहात होती. कॉलेजचे लोक, सोसायटीतले शेजारी, कुरडयावाल्या काकू, काही जुने विद्यार्थी. एक नामवंत प्राध्यापक मुख्य वक्ते होते. ते चांगलं बोलले, मनापासून बोलले, आणि शेवटी म्हणाले की बाईंचं सर्वांत मोठं कार्य म्हणजे त्यांनी गणकबुवांची जन्मभूमी जळकुंडे शोधून काढली, ही महाराष्ट्राला त्यांची देणगी आहे. टाळ्या वाजल्या. मी उठणार होते. माझ्या मनात वाक्यंही जुळली होती. तेवढ्यात मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

तात्या उभे होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. इस्त्रीचे कपडे तेच, पण माणूस वाळला होता. सोबत गावातली आणखी चार-पाच माणसं होती.

"सायेब, त्ये चूक हाय," तात्या म्हणाले. सगळी सभा मागे वळली. "गणकबुवा जळकुंड्याचे नव्हते. मी तिथला सरपंच व्हतो. त्ये देवळ्याकडचे. बाईंनी आमच्या गावात उभं ऱ्हाऊन सांगितलं व्हतं. आम्ही कोनी ऐकलं नाय त्या दिवशी. पर तवापासून दरसाल आम्ही खांब मोजतोय. टोपी नाय, काय नाय. दरसाल बोटभर कमीच. बाई म्हनल्या त्येच खरं हाय."

प्राध्यापक गोंधळले. "बरं, बरं," म्हणत त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला. कोणीतरी तात्यांना बसायची खूण केली. तात्या बसले नाहीत. खुर्चीची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती आणि बोलताना त्यांना दम लागत होता.

"बुवा त्यांच्याकडं जाऊ द्या," ते म्हणाले. "बाई आमच्या गावच्या. तेवढं लिवून घ्या."